कृपा कोणाची, निवड कोणाची

रिबेकेच्या पोटात जुळे मुलगे होते. ते अजून जन्मले नव्हते, त्यांच्या हातून बरं-वाईट काहीच घडलेलं नव्हतं, आणि तरीही देवाने त्यांतल्या धाकट्याला निवडलं होतं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने याकोब आणि एसाव यांची ही गोष्ट मांडली आहे. ती वाचताना कोणाच्याही मनात येईल तो प्रश्नही त्याने स्वतःच पुढे केला आहे: मग देव पक्षपाती म्हणायचा का? पहिल्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या या पत्राने ख्रिस्ती जगाला जो प्रश्न दिला, तो आजही मिटलेला नाही.

मिटणार तरी कसा? त्याच धर्मग्रंथात उलट दिशेची वचनंही तितकीच ठाम आहेत. अनुवादाच्या पुस्तकात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो आणि जीवन निवडा म्हणून विनवतो. निवडण्याची ताकदच नसेल तर त्या विनवणीला काय अर्थ? येशू यरुशलेमसाठी हळहळतो, कारण तो जवळ घ्यायला तयार असताना ते लोक तयार नव्हते. आणि खुद्द पौल फिलिप्पैकरांना आपलं तारण भीत-कापत साधून घ्यायला सांगतो आणि त्याच दमात म्हणतो की तुमच्यात इच्छा उपजवणारा आणि कृती घडवणारा देवच आहे. ही दोन विधानं शेजारी ठेवताना पौलाला अडचण वाटली नाही. अडचण वाटली ती त्याच्या वाचकांना.

हे पुस्तक उघडणाऱ्या नवख्या वाचकासाठी आधी वादाचा गाभा सांगतो. देव सर्वज्ञ आहे आणि तारण ही त्याची देणगी आहे, हे जवळजवळ सगळेच ख्रिस्ती मानतात. माणूस आपल्या पापाला जबाबदार आहे, हेही सगळे मानतात. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, तिथे फाटे फुटतात. कोणाचं तारण व्हायचं हे सृष्टीच्या आधीच ठरलं आहे का? ठरलं असेल तर कशावरून? कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीच दिसलं म्हणून, की निव्वळ त्याच्या मर्जीने? उरलेल्यांना त्याने मुद्दाम नाकारलं, की त्यांच्या वाटेने जाऊ दिलं? आणि कृपा दारात आली तर माणूस तिला परत पाठवू शकतो का?

मराठी वाचकाला इथे प्रारब्ध आठवेल, पण ही जोडणी फार लांब नेऊ नये. प्रारब्ध म्हणजे आपल्याच कर्माचं फळ. हिशोब आपला आणि भोगही आपला. पूर्वनियोजनाच्या, म्हणजे तारण आधीच ठरलेलं असण्याच्या, कट्टर मांडणीत मात्र माणसाच्या खात्यावरचं काहीच मोजलं जात नाही. शिवाय इथे ठरवणारा कोणी तरी आहे. तो बोलतो, रागावतो, प्रेम करतो, आणि म्हणूनच त्याला जाब विचारावासा वाटतो.

हे वाद वाचता वाचता माझं एक मत पक्कं होत गेलं. ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते वाचकाला कळेल. पूर्वनियोजनाच्या शिकवणीचं रूप, कोण कोणाबद्दल बोलतो आहे यावर ठरतं. मी देवाला शोधलं नाही, त्यानेच मला शोधलं, असं कोणी स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा ती कृतज्ञता असते. अमक्याला देवाने टाकलं आहे, असं दुसऱ्याबद्दल म्हटलं की तेच क्रौर्य होतं, मग त्यामागचा युक्तिवाद कितीही बिनतोड असो.

ऑगस्टीनपासून हे पाहता येतं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा हा बिशप तरुणपणी इच्छास्वातंत्र्याचा पुरस्कर्ता होता. त्या विषयावर त्याने एक पुस्तकही लिहिलं. मग 396 च्या सुमारास मिलानच्या सिंप्लिशियनने त्याला याकोब आणि एसाव यांच्याबद्दल प्रश्न विचारले. उत्तर लिहिता लिहिता ऑगस्टीनचं मत पालटलं. याकोबाचा विश्वास देवाला आधी दिसला, म्हणून त्याने त्याला निवडलं, हे सोपं उत्तर त्याने तपासलं आणि बाजूला सारलं, कारण मग विश्वास ही माणसाची कमाई ठरली असती. म्हातारपणी आपल्या सगळ्या ग्रंथांचा आढावा घेताना त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की माणसाच्या इच्छेची बाजू लढवायला तो झटला होता, पण सरशी कृपेची झाली.

सिंप्लिशियनला उत्तर दिल्यावर लगेच त्याने ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं. त्यातला नासपतींचा प्रसंग या विषयाच्या प्रत्येक वाचकाने पाहायला हवा. पोरवयात मित्रांबरोबर त्याने रात्री शेजारच्या झाडाच्या नासपती चोरल्या. भूक नव्हती, फळंही फारशी चांगली नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी? चोरीच्याच गोडीसाठी. आपल्याला हवं ते करायला आपण मोकळे असू, पण जे हवंसं वाटतं ते बदलण्याची मोकळीक आपल्याला आहे का, हा त्याचा प्रश्न आहे. दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

त्याचा प्रतिपक्षी पेलाजियस. ब्रिटनमधून रोमला आलेल्या या तपस्व्याला पाखंडी म्हणून हिणवायची रीत पडली आहे. मला तो आदरणीय वाटतो. रोममधले सुखवस्तू ख्रिस्ती आपल्या दुबळेपणाचं कारण पुढे करून आळसावले होते. देवाची आज्ञा पाळण्याची ताकदही देवाकडेच मागणारी ‘कन्फेशन्स’मधली प्रार्थना कानावर पडली तेव्हा पेलाजियस चिडला. देव अशक्य गोष्टीची आज्ञा करीलच कसा, हा त्याचा सवाल होता. 410 मध्ये अलारिकने रोम लुटलं, पेलाजियस आफ्रिकेमार्गे पॅलेस्टाईनला गेला आणि वाद साम्राज्यभर पसरला. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याची मतं धिक्कारली. ऑगस्टीन जिंकला, पण उतारवयात त्याची भाषा कठोर होत गेली. स्वतःबद्दलच्या कबुलीतून उगवलेली शिकवण सगळ्या मानवजातीची विभागणी करू लागली. दक्षिण गॉलमधल्या मठांतून जॉन कॅशियनसारख्यांनी कुरकुर केली. अखेर 529 मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेने मध्यम मार्ग काढला: विश्वासाची पहिली पालवीही कृपेनेच फुटते, पण देवाने कोणाला पापासाठी नेमलं आहे असं म्हणणारा धिक्कारला जावा.

त्यानंतर तीनेकशे वर्षांनी गॉट्शाल्कची कहाणी घडते. या सॅक्सन सरदारपुत्राला आईवडिलांनी बालपणीच फुल्डाच्या मठाला अर्पण केलं होतं. मोठा झाल्यावर, 829 मध्ये, त्याने माइन्झच्या धर्मसभेपुढे दाद मागितली: हे व्रत मी माझ्या मर्जीने घेतलेलं नाही, मला सोडा. सभेने त्याचं म्हणणं ऐकलं, पण मठाधिपती राबानस मॉरस बादशहापर्यंत गेला. गॉट्शाल्कचा मठ बदलला, संन्यास सुटला नाही. ज्याचं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवलं होतं, तोच पुढे शिकवू लागला की देवाने काहींना जीवनासाठी आणि काहींना दंडासाठी नेमलं आहे. या दोन गोष्टींत कार्यकारण आहे असा माझा दावा नाही, पण त्या शेजारी ठेवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 849 मध्ये क्येर्झीच्या सभेत त्याला फटके मारले, आपलं लिखाण त्याच्याच हाताने आगीत टाकायला लावलं आणि ओव्हिलेरच्या मठात कोंडलं. उरलेलं सगळं आयुष्य त्याने तिथेच काढलं. हे करवणारा रीम्सचा आर्चबिशप हिंकमार इच्छास्वातंत्र्याच्या बाजूचा होता. क्रौर्याची मक्तेदारी एकाच पक्षाकडे नव्हती.

मध्ययुगातल्या तत्त्वज्ञांनी या वादाला बारीक हत्यारं पुरवली. मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात बसलेल्या बोएथियसने सुमारे 524 मध्ये मांडलं की देव काळाच्या बाहेर आहे. आपल्याला जे भूत, वर्तमान, भविष्य वाटतं ते त्याला एकाच क्षणात दिसतं, आणि पाहणं म्हणजे भाग पाडणं नव्हे. थॉमस अक्वायनसने म्हटलं की देव प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार चालवतो, आणि इच्छेचा स्वभावच मोकळेपणाचा असल्याने तो तिला मोकळेपणानेच चालवतो. पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने मात्र ऑगस्टीनला कधीच केंद्रस्थानी आणलं नाही. तिथे देव आणि माणूस यांचं सहकार्य हाच पाया राहिला, आणि 1672 मध्ये जेरुसलेमच्या सभेने कॅल्व्हिनची शिकवण स्पष्ट शब्दांत नाकारली.

सोळाव्या शतकात हा विषय पाठशाळांतून थेट रस्त्यावर आला. 1524 मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने संयत निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने त्याला गरजणारं उत्तर दिलं: तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बंदिवान आहे. ते पुस्तक म्हणजे पराकोटीचा आवेश आहे. पण ल्यूथरने शेवटी इरॅस्मसचे आभारही मानले, कारण पोप आणि क्षमापत्रं यांसारखे वरवरचे विषय सोडून त्याने वादाच्या मुळालाच हात घातला होता. ल्यूथरच्या अनुयायांनी पुढे, 1577 च्या आपल्या विश्वासपत्रात, देव जीवनासाठी निवडतो पण नाशासाठी कोणाला नेमत नाही, अशी जागा धरली. तर्कशास्त्राला ती पटत नाही. मला ती माणुसकीची वाटते.

जॉन कॅल्व्हिनचं नाव या शिकवणीला कायमचं चिकटलं आहे. खरं तर 1559 च्या त्याच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये हा विषय तिसऱ्या भागाच्या अखेरीकडे, प्रार्थनेवरच्या दीर्घ प्रकरणानंतर येतो. देवाच्या या निर्णयाचा विचार करताना धडकी भरते, हे तो लपवत नाही. आपली निवड झाली आहे की नाही हे आपल्या आत खोदून शोधू नका, ख्रिस्ताकडे पाहा, असंही तो बजावतो. त्याचे श्रोते कोण होते, हे लक्षात घ्यावं. फ्रान्समधून जीव मुठीत धरून पळालेले निर्वासित जिनिव्हात भरले होते. घर गेलेलं, गाव गेलेलं, अशा माणसांना कोणताही राजा तुमची निवड रद्द करू शकत नाही, हे शब्द केवढा आधार देत असतील! पण त्याच शहरात 1551 मध्ये बोल्सेक नावाचा माणूस भर सभेत उभा राहिला आणि ही शिकवण देवाला जुलमी ठरवते असं म्हणाला. त्याला अटक झाली आणि शहराबाहेर हाकललं गेलं. स्वतःच निर्वासित झालेल्यांनी दुसऱ्याला निर्वासित केलं.

कॅथलिक बाजूलाही हीच आग होती. 1588 मध्ये लुइस दे मोलिना या जेझुइटाने सुचवलं की कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस आपखुशीने काय करील हे देव जाणतो आणि त्या ज्ञानाच्या आधारे जग मांडतो. डोमिनिकन पंथाचा बान्येस खवळला: यात देव माणसावर अवलंबून राहतो. रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. अखेर 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणाच्याही बाजूने निकाल न देता दोन्ही पक्षांना आपापलं शिकवण्याची मुभा दिली आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली. या सगळ्या इतिहासातला हा मला सर्वांत शहाणा हुकूम वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्यात होते. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. त्यात हा वाद शोधू नये. पण ज्या जेझुइट संघाचे ते होते, तो तेव्हा या वादाच्या ऐन मध्यावर होता, एवढं ध्यानात ठेवावं.

हॉलंडमध्ये असं शहाणपण सुचलं नाही. लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस म्हणत होता की कृपेशिवाय माणूस पाऊलही टाकू शकत नाही, पण कृपा नाकारता येते, आणि देव निवडतो तो विश्वास ठेवणाऱ्यांना. 1609 मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. 1618-19 मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने ती कलमं मोडून काढली. धर्माच्या भांडणात राजकारण मिसळलं होतं: सभा संपण्याच्या सुमारास, 13 मे 1619 रोजी, आर्मिनियसवाद्यांना अभय देणारा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्याचा साथीदार ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. दोन वर्षांनी तो पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून निसटला.

एवढं वाचून डॉर्टचा ठराव हातात घेतला की धक्का बसतो, कारण त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक कलम तान्हेपणी गेलेल्या मुलांबद्दल आहे. श्रद्धाळू आईबापांनी अशा मुलांच्या निवडीबद्दल शंका धरू नये, असं ते सांगतं. पाळणे रिकामे होणं ही घरोघरची गोष्ट होती, त्या काळातली ही ओळ आहे. त्याआधीचं कलम, ज्यांना आपल्या विश्वासाची खात्री वाटत नाही त्यांनी घाबरू नये, असा धीर देतं. सभेबाहेर मुंडकं उडवणाऱ्या पक्षाला सभेच्या आत रडणाऱ्या आईची जाणीव होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कॅल्व्हिनवाद्यांबद्दल बोलताना त्यांतली कोणतीही एक लपवणं हा खोटेपणा ठरेल.

माझ्या मताला अडचणीत आणणारं एक उदाहरणही इथे द्यायला हवं. इंग्रज कवी विल्यम कूपर हा जॉन न्यूटनचा मित्र. दोघांनी मिळून लिहिलेली भजनं आजही गायली जातात. 1773 मध्ये एका स्वप्नानंतर कूपरची खात्री पटली की देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे. न्यूटन स्वतः कॅल्व्हिनवादी. त्याने परोपरीने समजावलं. पण 1800 मध्ये मरेपर्यंत कूपरच्या मनातून ते गेलं नाही. त्याला मनाचा आजार होता हे उघड आहे, आणि आजाराचं खापर शिकवणीवर फोडणं बरोबर नाही. तरी आजाराला शब्द शिकवणीने दिले. म्हणजे स्वतःबद्दल बोललं की सगळं सुरक्षित, असंही नाही. माणूस स्वतःकडेही परक्यासारखं पाहू शकतो आणि स्वतःवरच निवाडा देऊ शकतो.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. फ्रान्समध्ये यान्सेनवाद्यांनी ऑगस्टीनचा झेंडा पुन्हा उभारला आणि पास्कालसारखा लेखक त्यांच्या बाजूने लढला. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने 1739 मध्ये पूर्वनियोजनाविरुद्ध प्रवचन दिलं, जॉर्ज व्हिटफील्डने त्याला उघड पत्राने उत्तर दिलं, आणि मेथडिस्ट चळवळीत फूट पडली. तरीही 1770 मध्ये व्हिटफील्ड वारला तेव्हा लंडनमधल्या त्याच्या मंडळीत स्मृतिप्रवचन वेस्लीने दिलं. विद्यापीठांत शिकलेल्या अनेक मराठी वाचकांना हा विषय भेटतो तो माक्स वेबरच्या 1904-05 च्या निबंधातून. तो निबंध मोलाचा आहे, पण वेबरचा भर कॅल्व्हिनपेक्षा पुढच्या पिढ्यांच्या धास्तीवर आहे, हे बहुतेक जण विसरतात. आणि विसाव्या शतकात, महायुद्ध चालू असताना, कार्ल बार्थने सगळी मांडणीच उलटी केली: 1942 च्या ग्रंथात तो म्हणतो की निवडलेला ख्रिस्त आहे आणि नाकारलेलाही ख्रिस्तच आहे, माणसांच्या दोन याद्या करण्याची वाट तिथे बंद होते. अखेरीस सगळ्यांचंच तारण होणार का, हा पुढचा प्रश्न बार्थने उघडा ठेवला. सगळ्या आधुनिक उत्तरांत मला हेच सर्वांत जवळचं वाटतं.

महाराष्ट्रात हे सगळे प्रवाह आले. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी आणि 1829 मध्ये आलेले स्कॉटिश जॉन विल्सन कॅल्व्हिनच्या परंपरेतले. मागाहून मेथडिस्ट आले. वसई आणि गोव्यात कॅथलिक आधीच होते. पण अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. करता करविता कोण, हा प्रश्न त्यांनी डॉर्टकडून उसना घेतलेला नव्हता. मराठी ख्रिस्ती लेखनाने या विषयावर स्वतःच्या भाषेत फारसा वाद घातला नाही, याचं मला वाईट वाटतं. सामग्री तर हाताशीच होती.

आज या पुस्तकाची निकड का वाटली? पुण्या-मुंबईतली तरुण मुलं मोबाइलवर इंग्रजी प्रवचनं ऐकतात आणि आपण कॅल्व्हिनवादी की आर्मिनियसवादी यावर हिरिरीने भांडतात, पण मूळ ग्रंथांपैकी एकही त्यांनी मराठीत पाहिलेला नसतो. मेंदूचा अभ्यास करणारे काही जण निर्णय आपण घेतो हाच भास आहे असं म्हणतात, तेव्हा दीड हजार वर्षं याच खडकावर घासलेली बुद्धी कामी येऊ शकते. आणि कोविडच्या दोन वर्षांत किती घरांत, किती पाळकांना विचारलं गेलं: हे देवानेच ठरवलं होतं का? त्या प्रश्नाला घाईने हो म्हणणारेही होते आणि घाईने नाही म्हणणारेही. दोघांनाही या इतिहासाची ओळख असती तर ते थोडा वेळ गप्प बसून ऐकत राहिले असते.

या पुस्तकात निकाल नाही. प्रत्येक पक्षाचं म्हणणं त्याच्या सर्वांत समर्थ प्रतिनिधीच्या तोंडून, मूळ लेखनाच्या मराठी उताऱ्यांसह, ऐकवावं आणि तो लिहिणारा माणूस कोणत्या परिस्थितीत बसून लिहीत होता ते सांगावं, एवढाच प्रयत्न आहे. परिभाषा लागेल तिथेच वापरली आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला अडू नये म्हणून बायबलचे संदर्भ जागच्या जागी उलगडले आहेत. पानं उलटीसुलटी वाचली तरी चालतील. मात्र एका पक्षाचं वाचून दुसऱ्याचं टाळू नये.

एक विनंती मनापासून. आपली निवड झाली नसेल, आपण टाकलेले आहोत, अशी भीती मनात घेऊन कोणी हे पुस्तक उघडत असेल, तर त्याने ते एकट्याने वाचू नये. विश्वासातल्या माणसाला, पाळकाला, गरज असेल तर डॉक्टरांना आधी ती भीती सांगावी, आणि मग त्यांच्यापैकी कोणाबरोबर तरी बसून वाचावं.